नागपूरने उघडलेले दार

जून-जुलै महिन्यात कुठल्याही कॉलेजच्या कचेरीपुढून जा, तीन शब्द हमखास कानावर पडतात. टीसी, मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी. वडिलांची बदली नांदेडहून रत्नागिरीला झाली, मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, तिला तिकडच्या कॉलेजात घालायचे आहे, एवढीच साधी गोष्ट असते. पण खिडकीपलीकडचे कारकून विचारतात, ‘मायग्रेशन आणलंय?’ आणि मग बापलेकीची एक वेगळीच यात्रा सुरू होते. मी कॉलेजात शिकवत होतो तेव्हा प्रवेश समितीच्या टेबलाशी बरीच वर्षे बसलो. त्या काळात मला एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक पालकांना हे तिन्ही कागद एकच वाटतात. ते एक नाहीत. टीसी कॉलेज देते. त्यावर लिहिलेले असते की हा विद्यार्थी आमच्याकडे अमुक दिवसापर्यंत होता, फी भरलेली आहे, वर्तणूक बरी आहे. मायग्रेशन विद्यापीठ देते. त्याचा अर्थ असा, की हा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात जाण्यास आमची हरकत नाही. आणि एलिजिबिलिटी हा नव्या घरचा निर्णय, की याला आम्ही आमच्यात घेण्यालायक समजतो.

या तिन्हींतला मधला कागद मला नेहमी कुतूहलाचा वाटत आला आहे. ‘आमची हरकत नाही.’ म्हणजे हरकत असूही शकते! आणि असली तर? आजचे बोलणे त्याविषयी आहे. आपल्या देशात अशी हरकत घेतली गेली, एकदोघांच्या नव्हे तर शेकडो मुलांच्या बाबतीत घेतली गेली, आणि त्यात आपल्या मराठवाड्यातली मुले होती. पण त्या घटनेपर्यंत जाण्याआधी थोडे मागे जाऊ.

1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे निघाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघालेली ही विद्यापीठे तेव्हा स्वतः शिकवत नसत. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. मुंबई विद्यापीठाचा पसारा तर केवढा! महाराष्ट्र, गुजरात, सिंध, कर्नाटकाचा काही भाग, सगळे त्याच्या छायेखाली. त्यामुळे कॉलेज बदलणे ही फार मोठी गोष्ट नव्हती. गोपाळ कृष्ण गोखल्यांचेच उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात सुरुवात, मग पुण्याचे डेक्कन कॉलेज, आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन, तिथून 1884 साली बी.ए. तीन कॉलेजे झाली, पण विद्यापीठ एकच. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच. अडचण असेल ती राहण्या-जेवण्याची आणि पैशाची. ती काही लहान नव्हती म्हणा, पण निदान कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नव्हती.

अडचण सुरू झाली ती विद्यापीठे वाढली तेव्हा. विसाव्या शतकात नवी विद्यापीठे निघू लागली, प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा, सत्रांचे हिशेब वेगळे. म्हणून 1925 मध्ये विद्यापीठांनी मिळून एक आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन केले. एकमेकांच्या पदव्या आणि परीक्षा मान्य करण्याच्या बाबतीत समन्वय साधणे हे त्याच्या कामांपैकी एक. ही सोय चांगलीच होती. परंतु जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे एकाने नाव टाकलेल्या माणसाला दुसराही सहसा उभे करत नाही. एका दारातून काढलेला विद्यार्थी दुसऱ्या दाराशी गेला की पहिल्या दाराकडे विचारणा होणारच.

याचा अनुभव ज्यांना आला त्यात सुभाषचंद्र बोस होते. फेब्रुवारी 1916 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ओटन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाला मुलांनी मारहाण केली. त्या प्रकरणात सुभाषबाबूंना कॉलेजातून काढले आणि विद्यापीठानेही दार लावून घेतले. आपण मुले सर्रास ‘रस्टिकेट’ म्हणतो, ते हे. एखाद्या कॉलेजने काढले तर दुसरे कॉलेज शोधता येते, विद्यापीठाने काढले तर त्याच्या छायेतली सगळीच कॉलेजे बंद होतात. सुभाषबाबूंचे वर्षाहून अधिक काळ कटकला घरी गेले. 1917 मध्ये विद्यापीठाची बंदी उठण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा ते स्कॉटिश चर्च कॉलेजच्या प्राचार्यांना, डॉ. अर्कहार्ट यांना जाऊन भेटले. आपण काढून टाकलेले विद्यार्थी आहोत हे सरळ सांगितले. प्राचार्य भला माणूस. घ्यायला तयार झाले, पण एका अटीवर. प्रेसिडेन्सीच्या प्राचार्यांची हरकत नसल्याची चिठ्ठी आणा! ज्या कॉलेजने हाकलले त्याच कॉलेजची चिठ्ठी. ती आणायला सुभाषबाबू स्वतः गेले नाहीत, त्यांचे थोरले बंधू शरदबाबू गेले. चिठ्ठी मिळाली, प्रवेश झाला, आणि 1919 साली सुभाषबाबू तत्त्वज्ञानात पहिल्या वर्गात, दुसऱ्या क्रमांकाने बी.ए. झाले. बंधू कलकत्त्यात नामांकित वकील होते, म्हणून हे जुळले. ज्याला असा भाऊ नसेल त्याने काय करायचे, हा प्रश्न तिथेच राहतो.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाडा, तेलंगणा आणि कर्नाटकाचे काही जिल्हे होते. प्रजेची भाषा तेलुगू, मराठी, कन्नड. कारभाराची भाषा उर्दू. 1918 साली तिथे उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि त्याने एक धाडसी प्रयोग केला. सगळे उच्च शिक्षण उर्दूतून. विज्ञान, वैद्यक, कायदा, सारे. त्यासाठी भाषांतराचे वेगळे खाते काढले, शेकडो पारिभाषिक शब्द घडवले, क्रमिक पुस्तके छापली. इंग्रजीच्या त्या काळात देशी भाषेतून विद्यापीठ चालवून दाखवणे हे खरोखरच मोठे काम होते आणि त्याबद्दल उस्मानियाला श्रेय द्यायलाच हवे. पण मराठवाड्यातल्या किंवा तेलंगणातल्या मुलाच्या दृष्टीने ही ‘देशी’ भाषासुद्धा परकीच होती. घरी आईशी मराठी बोलायचे आणि शाळेत त्रिकोणाला ‘मुसल्लस’ आणि कोनाला ‘जाविया’ म्हणायचे. तरीही मुले शिकत होती, कारण संस्थानात दुसरा मार्ग जवळजवळ नव्हता. हैदराबादचे निजाम कॉलेज तेवढे मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते, पण तिथे सगळ्यांना कुठे शिरकाव मिळणार?

1938 हे साल संस्थानात फार तापलेले होते. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. आर्य समाजाचा सत्याग्रह वेगळा सुरू झाला. आणि नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी उठले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली मुले आणि हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहातली मुले आपल्या सायंप्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली होती. अधिकाऱ्यांनी मनाई केली. त्यांचे म्हणणे, ही प्रार्थना नव्हे, हे राजकीय गीत आहे, आणि त्यावरून वाद आहेत. वाद होते हे खरेच. त्याच्या आदल्याच वर्षी, 1937 मध्ये, काँग्रेसच्या कार्यकारिणीला या गीताची पहिली दोनच कडवी म्हणावीत असा निर्णय घ्यावा लागला होता. मुलांचे म्हणणे, आमच्या प्रार्थनागृहात आम्ही काय म्हणायचे ते आम्ही ठरवू. कोणीही माघार घेतली नाही. मुलांनी वर्गावर बहिष्कार टाकला, विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. औरंगाबाद, हैदराबाद, वरंगळ, गुलबर्गा, जिथे जिथे उस्मानियाची कॉलेजे होती तिथे तिथे हे लोण पोचले. काढलेल्यांची संख्या शेकड्यांत होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डिसेंबरच्या अखेरीस, गांधीजींच्या सल्ल्यावरून, स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. नेत्यांच्या दृष्टीने तो डावपेचाचा निर्णय होता आणि त्याला कारणेही होती. पण या मुलांना मागे घेता येण्यासारखे काय उरले होते? त्यांची नावे पटावरून गेली होती, वर्ष मध्यावर तुटले होते. वसतिगृह सुटले म्हणजे डोक्यावरचे छप्परही गेले. सतरा-अठरा वर्षांची पोरे ती. गावी परत जाऊन बापाला काय सांगायचे? त्या काळी इंटरपर्यंत पोचलेला मुलगा म्हणजे पंचक्रोशीत एखादाच. त्याच्यासाठी कोणी जमीन गहाण टाकली असेल, कोणी सावकाराचे उंबरे झिजवले असतील.

मुले बाहेरच्या विद्यापीठांकडे वळली आणि तिथे तोच मधला कागद आडवा आला. काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला कोण घेणार? शेजारच्या संस्थानाशी, तेही देशातल्या सर्वांत मोठ्या संस्थानाशी, वाकडे कोण घेणार? विद्यापीठांनी नकार दिले. अशा वेळी दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. हे विद्यापीठ 1923 मध्ये निघालेले, म्हणजे स्वतःच जेमतेम पंधरा वर्षांचे. कुलगुरू होते टी. जे. केदार. मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, वातावरण अनुकूल होते, हे मान्य केले पाहिजे. पण अनुकूल वातावरण इतर प्रांतांतही होते, तिथेही काँग्रेसची मंत्रिमंडळे होती. म्हणून माझ्या मते केदारांच्या निर्णयाचे मोल वातावरणाच्या खात्यावर टाकून कमी करता येत नाही. उस्मानियाची ना-हरकत नसताना त्यांनी मुले घेतली. आजच्या भाषेत सांगायचे तर मायग्रेशनशिवाय एलिजिबिलिटी दिली! विद्यापीठाच्या कचेरीत ज्यांनी एक दिवस जरी काढला आहे त्यांना कळेल की यासाठी काय लागते.

प्रवेश मिळाला म्हणजे सारे झाले असे नव्हे. कॉलेज बदलणाऱ्या कोणत्याही मुलाची खरी परीक्षा वर्गात बसल्यावर सुरू होते. पुस्तके वेगळी, आधी झालेला भाग वेगळा, प्रयोगवहीवर सही कोणाची, पहिल्या सत्राची हजेरी कुठे धरायची. या मुलांना त्यावर आणखी एक ओझे होते, भाषेचे. उस्मानियात इंग्रजी हा सक्तीचा विषय असे, पण बाकी विषय उर्दूत. नागपुरात सगळे इंग्रजीत. म्हणजे रसायनाचे सूत्र माहीत आहे, पण त्याचे नाव उर्दूत माहीत आहे! गणित येते आहे, पण प्रश्न वाचताना अडते आहे. घरी मराठी किंवा तेलुगू, शाळेत उर्दू, आणि आता इंग्रजी, अशी तिसरी पाटी कोरी करून ही मुले बसली. ज्यांना परगावचा खर्च झेपण्यासारखा नव्हता त्यांना हे दारही उपयोगाचे नव्हते. त्यातले काही शिक्षण सोडून चळवळीतच उतरले. पुढे 1947-48 च्या लढ्यात मराठवाड्यात जे तरुण कार्यकर्ते पुढे आले, त्यांच्या पिढीची सुरुवात पुष्कळ ठिकाणी या वसतिगृहांतल्या प्रार्थनेपाशी जाऊन पोचते.

जी मुले नागपूरला गेली त्यात वरंगळ जिल्ह्याकडचा एक हुशार तेलुगू मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. वय सतरा. त्याचा पुढचा प्रवास कागदावर मांडून बघा. उस्मानियातून काढला, नागपूरला आला. तिथून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात बी.एस्सी.ला, म्हणजे मुंबई विद्यापीठात. कायद्याच्या पदवीसाठी परत नागपूर विद्यापीठात. थोड्याच वर्षांत तीन विद्यापीठांची दारे! आपल्या दृष्टीने या भटकंतीचा एक लाभ असा झाला की त्याला मराठी उत्तम आली. इतकी, की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी पुढे तेलुगूत नेली, ‘अबला जीवितम्’ या नावाने. ते 1991 मध्ये देशाचे पंतप्रधान झाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांना उच्च शिक्षणाची वाट एका विद्यापीठाच्या नकारामुळे आणि दुसऱ्याच्या होकारामुळे अशी वळसा घेऊन मिळाली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

हे सारे ऐकल्यावर कोणी विचारील, की विद्यार्थ्याला इतके अडवणे जगभर असेच होते का? नव्हते. याच सुमाराच्या थोडे आधीचे जयप्रकाश नारायण पाहा. 1921 मध्ये असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी परीक्षा अवघ्या काही आठवड्यांवर आलेली असताना पाटण्याचे सरकारी कॉलेज सोडले. इंटर केले ते बिहार विद्यापीठातून. हे राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतले विद्यापीठ, जसे आपल्याकडे पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. सरकारदरबारी अशा विद्यापीठांच्या प्रमाणपत्राला तेव्हा किंमत नव्हती. जयप्रकाश 1922 मध्ये अमेरिकेला गेले, बर्कलीत दाखल झाले. तिथली फी दुप्पट झाली तसे आयोवाला गेले, मग विस्कॉन्सिन, मग ओहायो. द्राक्षांच्या मळ्यांत आणि डबाबंद फळांच्या कारखान्यांत राबून फी भरली आणि 1929 पर्यंत समाजशास्त्रात एम.ए. होऊन परतले. चार विद्यापीठे, पण गाडी अडली नाही, कारण तिथे अभ्यास छोट्या तुकड्यांत मोजला जात होता. एका ठिकाणी पुरा केलेला तुकडा दुसरीकडे हिशेबात धरत. ज्याला आपण आता क्रेडिट म्हणतो ते हेच. मायदेशात ज्याचे प्रमाणपत्र चालत नव्हते त्याला परमुलुखात चार दारे उघडली, ही काही आपल्याला भूषणावह गोष्ट नाही.

स्वातंत्र्य आले आणि त्याबरोबर फाळणी. लाहोरच्या विद्यापीठातली हजारो मुले कागदपत्रे मागे टाकून निघून आली. पूर्व पंजाबने 1 ऑक्टोबर 1947 ला नवे विद्यापीठ उभे केले, त्याची कचेरी सोलनला एका टेकडीवर थाटली, आणि दिल्लीत निर्वासित मुलांसाठी कॅम्प कॉलेज काढले. अडले की आपल्याला नियम वाकवता येतात, हे तेव्हा दिसले.

आपल्या मराठवाड्याची तऱ्हा आणखी निराळी. 1948 च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली. पण औरंगाबादची कॉलेजे उस्मानियालाच जोडलेली राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये तिथे काढलेले कॉलेज, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले, तेसुद्धा. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तरी विद्यापीठ परराज्यातलेच. अखेर 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. मुंबई विद्यापीठाच्या कारभारात त्यांची उमेदीची वर्षे गेलेली. त्यामुळे एका विद्यापीठातून दुसऱ्यात माणसे कशी नेतात, कागद कसे नेतात, याची त्यांना जाण होती. मुलगा त्याच बाकावर, शिक्षक तेच, आणि विद्यापीठ मात्र बदलले. बाड-बिस्तरा न हलवता झालेले असे स्थलांतर गोव्यातल्या मुलांनीही पाहिले. तिथली कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती ती 1985 मध्ये गोवा विद्यापीठाकडे गेली.

आता आपल्याकडेही क्रेडिटची पद्धत आली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने क्रेडिटच्या बँकेचे नियम केले. पैसे जसे खात्यात जमा होतात तसे शिकलेले तुकडे जमा व्हावेत, आणि मुलाने दुसरीकडे जाताना ते काढून न्यावेत, अशी कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. नांदेडहून रत्नागिरीला निघालेल्या मुलीचा निम्मा त्रास तिने वाचेल, जर दोन्हीकडच्या अभ्यासक्रमांचे सांधे जुळले तर. पण संगणक गुणांची बेरीज करील. ज्या मुलाबद्दल एक संस्था ‘हरकत आहे’ म्हणते, किंवा जिथे संस्थाच जागेवर उरलेली नाही, तिथे संगणक काय करणार?

2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि तिथे वैद्यकीय शिकणारी आपली हजारो मुले परत आली. त्यात महाराष्ट्रातलीही पुष्कळ होती. पालकांची मागणी एकच, इथल्या कॉलेजांत सामावून घ्या. सरकारने नकार दिला, नियमात अशी तरतूद नाही म्हणून. प्रवेश परीक्षेच्या गुणवत्तेवर जागा मिळवलेल्या मुलांवर अन्याय होईल, हा मुद्दाही पोकळ नव्हता. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एक वाट काढली, की ही मुले इतर देशांतल्या विद्यापीठांत उरलेले शिक्षण घेऊ शकतील, पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच राहील. आणि हा निर्णय कोणत्या शब्दांत आला? ‘आमची हरकत नाही’ याच. पुढे सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर, 2023 मध्ये, शेवटच्या टप्प्यावरच्या मुलांना परीक्षा देण्याच्या दोन संधी मिळाल्या. मधल्या वर्षांतल्या मुलांनी कुठे जॉर्जिया गाठले, कुठे सर्बिया, आणि पुन्हा नव्या देशात वह्या उघडल्या.

त्याच 2023 साली मणिपूर पेटले. घर सोडून आलेल्या मुलांकडे ना टीसी, ना गुणपत्रिका. जळालेल्या घरातून मायग्रेशन कुठून आणायचे? त्या जुलैत मणिपूरपासून हजारो किलोमीटर दूर, केरळातल्या कण्णूर विद्यापीठाने या मुलांसाठी जागा वाढवून दिल्या. आधी वर्गात बसा, प्रमाणपत्रे नंतर आणा, असे त्यांना सांगितले गेले. काही मुले तेवढा प्रवास करून गेली आणि मल्याळम् बोलणाऱ्या गावात राहून शिकू लागली.